रेसिडेन्सीची कोठी आणि छावणीतले स्वार

आपल्या कॉलेजाचा जन्म १९२४ चा. उस्मानिया विद्यापीठ सुरू झाल्यावर काही वर्षांतच, सातव्या निजामांच्या कारकिर्दीत, नामपल्लीला मुलींसाठी इंटरमीजिएटचे वर्ग निघाले आणि त्यातून हे महाविद्यालय उभे राहिले. हैदराबादेतल्या सुलतान बाजारच्या या कोठीत, म्हणजे इंग्रजांच्या जुन्या रेसिडेन्सीत, ते आले १९४९ मध्ये. म्हणजे नामपल्ली हे कॉलेजचे माहेर आणि कोठी हे सासर. सासर जरा बड्या घरचे मिळाले. इतके बडे की पुढे सगळ्यांनी सासरच्याच गोष्टी सांगायला सुरुवात केली, माहेरचे नाव मागे पडले.

सासरची गोष्टही सगळी सांगितली जाते असे नाही. जी सांगितली जाते ती ठरलेली आहे. जेम्स अकिलीस किर्कपॅट्रिक हा कंपनी सरकारचा निजामाच्या दरबारातला रेसिडेंट, खैरुन्निसा ही हैदराबादच्या उमराव घराण्यातली मुलगी, दोघांचे प्रेम, निकाह, कलकत्त्यात गाजलेला बोभाटा, १८०५ मध्ये कलकत्त्यातच किर्कपॅट्रिकला आलेला मृत्यू. मद्रास इंजिनिअर्समधल्या सॅम्युएल रसेलने इमारतीचा आराखडा केला. बांधकाम १८०३ च्या सुमारास सुरू झाले. खर्च निजामाचा. नकाशाची आख्यायिका आमच्या वेळच्या प्रत्येक मुलीला पाठ होती. किर्कपॅट्रिकने भल्या मोठ्या कागदावर नकाशा काढून नेला तेव्हा निजाम अली खानांनी जागा द्यायला साफ नकार दिला. मग कुणीतरी कानात सांगितले की एवढा मोठा कागद पाहून हुजुरांना आपले अर्धे राज्यच मागितल्यासारखे वाटले. तोच नकाशा लहानशा पत्त्याएवढ्या कागदावर काढून नेला आणि लगेच मंजूर झाला. खरे असो की रचलेले, गोष्ट चांगली आहे. मुत्सद्देगिरीचा धडा म्हणून ती अजूनही चालेल.

उंच खांबांची देवडी, पायऱ्यांशी बसलेले दोन सिंह, वरच्या त्रिकोणात कंपनीचे राजचिन्ह, आत आरशांचा दरबार हॉल आणि दोन्ही अंगांनी वळत जाणारा जिना. फोटो काढायला येणाऱ्यांना एवढे पुरते. आवाराच्या एका कोपऱ्यात गोऱ्यांचे जुने कबरस्तान आहे. तिथे रेसिडेन्सीचे अधिकारी आणि त्यांच्या घरची माणसे नावानिशी झोपली आहेत. दगडावर जन्मसाल, मृत्यूसाल, हुद्दा, सारे कोरलेले.

मला या स्मरणिकेत ज्यांच्याविषयी लिहायचे आहे, त्यांना दगड मिळाला नाही. ती माणसे हैदराबादची नव्हती. औरंगाबाद, अंबाजोगाई, बुलढाणा या भागांत नोकरीला असलेले ते घोडेस्वार होते. आपल्या कॉलेजभोवतीची तटबंदी ज्या रात्रीमुळे भक्कम झाली, ती रात्र त्यांच्या पायी उगवली. मराठीतून या वास्तूचा इतिहास लिहायचा आणि त्यांना वगळायचे, हे मला पटत नाही.

ते कोण होते हे समजायचे तर आधी हैदराबाद काँटिंजंट म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण निजामाची स्वतःची फौज आणि काँटिंजंट यांत लोक नेहमी घोळ करतात. निजामाच्या पदरी अरब, रोहिले, शीख अशी आपापल्या जमादारांच्या हाताखालची जुनी फौज होती. सिकंदराबादला इंग्रजांची तैनाती फौज होती. या दोन्हींखेरीज ही तिसरी. तिचा पगार निजामाच्या तिजोरीतून, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात तिला कवायती रूप आले, म्हणून सुरुवातीच्या पलटणींना रसेल ब्रिगेड म्हणत. तिचा ताबा अखेर याच कोठीतल्या रेसिडेंटकडे. बोलारम, हिंगोली, औरंगाबाद, जालना, एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, ही तिची ठाणी. मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्या नकाशावर टिंबे देत जा, छावण्यांची माळच तयार होते. या फौजेच्या थकलेल्या पगाराचे कर्ज दाखवून १८५३ च्या तहाने इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. दर्यापूर-अकोल्याच्या काळ्या जमिनीत पिकलेल्या कापसावरचा सारा या घोड्यांच्या दाण्यापाण्याला जाऊ लागला.

घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. स्वाराने घोडा आणि हत्यार स्वतःचे आणायचे, किंवा दुसऱ्याच्या असामीवर, म्हणजे पलटणीतल्या त्याच्या मालकीच्या जागेवर, बारगीर म्हणून चाकरी करायची. घोडा मेला तर नुकसान शिलेदाराचे. असामीला किंमत असे, ती बापाकडून मुलाकडे जाई, गहाणही पडे. म्हणजे या पलटणीतला स्वार हा निव्वळ पगारी शिपाई नव्हता, घरची पुंजी त्याने खोगिराखाली घातलेली असे. बंड केले तर जीव जाईल, शिवाय घरची पुंजी बुडेल, हे त्याला पक्के ठाऊक होते. १८५७ मध्ये औरंगाबादला जे घडले ते हे ध्यानात ठेवून वाचावे.

त्या साली मे महिन्यात मीरत आणि दिल्ली पेटली. त्याच महिन्यात निजाम नासिरुद्दौला वारले आणि अफजलुद्दौला गादीवर आले. दिवाण सालारजंग तेव्हा तिशीच्या आत होते. रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन महिन्याभरापूर्वीच कामावर रुजू झालेला. मुंबईच्या गव्हर्नराने त्याला कळवले होते की निजाम गेला तर सारेच गेले. जून महिन्यात काँटिंजंटची पहिली घोडपलटण मोमिनाबादहून औरंगाबादला आली. तिथे कुजबुज सुरू झाली की आपल्याला उत्तरेत, दिल्लीच्या बादशहावर नेणार. आपली चाकरी दख्खनपुरती, दख्खनच्या बाहेर जायचे नाही आणि बादशहाविरुद्ध हत्यार उचलायचे नाही, असे स्वारांनी उघड बोलून दाखवले. कॅप्टन ॲबट हा त्यांचा अधिकारी. त्याने समजूत घातली, आश्वासने दिली, काही दिवस वातावरण निवळले. तेवढ्यात पुण्याकडून जनरल वुडबर्न गोऱ्या घोडदळासह आणि तोफांसह येऊन ठेपला.

परेडवर पलटण पायउतार करून उभी केली गेली. नावे पुकारली जाऊ लागली, तेव्हा रांगेतून एका जमादाराने मोठ्याने हरकत घेतली आणि गोंधळ उडाला. तोफा रोखलेल्या असतानाच स्वार घोड्यांकडे धावले. बरेच निसटले, बरेच हाती लागले. मीर फिदा अली नावाच्या दफेदाराने कॅप्टन ॲबटवर पिस्तूल झाडले. नेम चुकला. मैदानातच लष्करी न्यायालय भरले आणि फिदा अलीला फासावर चढवले. पुढच्या दिवसांत त्याच्या साथीदारांपैकी कुणाला फाशी दिली, कुणाला गोळ्या घातल्या, कुणाला तोफेच्या तोंडी दिले. औरंगाबादेत जुनी माणसे ज्या जागेला काला चबुतरा म्हणत, ती हीच शिक्षेची जागा असे मानले जाते. आज तिथे क्रांती चौक आहे आणि शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. छत्रपती संभाजीनगरला गेलात तर तिथून दिवसातून दोनदा तरी जाणे होतेच.

छावणीतले पायदळ आणि तोफखाना या बंडात आले नाहीत. हे लपवण्यात अर्थ नाही. स्मारके उभी करताना आपण सगळ्यांना एका रांगेत उभे करतो, पण त्या जूनमध्ये रांग फुटलेली होती. एकाच छावणीत जेवणारी माणसे दोन बाजूंना गेली.

आता बुलढाणा. याच पहिल्या घोडपलटणीची एक तुकडी तिथे होती. तिच्यातला जमादार चीदा खान बारा-पंधरा स्वारांसह निसटला आणि हैदराबादच्या वाटेला लागला. इंग्रजांनी त्याच्या डोक्यावर तीन हजार रुपयांचे इनाम लावले. जमादार हा हुद्दा काही फार मोठा नव्हे. त्या काळात तीन हजार ही रक्कम मात्र फार मोठी होती. यावरून रेसिडेन्सीला त्याची किती धास्ती होती ते कळते. शहरात शिरलो की आपली माणसे आपल्याला पाठीशी घालतील, अशी त्याची अटकळ असावी. सालारजंगांनी त्याला साथीदारांसह पकडले आणि रेसिडेंटच्या हवाली केले. म्हणजे आपण जिथे फीची पावती घ्यायला रांगेत उभ्या राहिलो, त्याच आवारात.

सालारजंगांना मी इथे दोष देत नाही आणि त्यांची तरफदारीही करत नाही. त्यांच्यामुळे हैदराबादचा कारभार रुळावर आला हे खरे, आणि त्यांनी स्वारांना बेडीत घालून दिले हेही खरे. सुरपूरचा तरुण राजा व्यंकटप्पा नायक पुढच्याच वर्षी त्यांच्याकडे आश्रयाला आला, त्याचीही वाट इथूनच गेली. अखेर कैदेच्या प्रवासात तो पिस्तुलाच्या गोळीने गेला. वय चोविसाच्या आसपास. त्याला लहानपणापासून वाढवलेला मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी आपल्या आठवणींत त्याच्यासाठी हळहळला आहे. ज्याच्या सरकारने राजाला संपवले त्यानेच त्याचा शोक करावा, अशी ही रेसिडेन्सीची दुनिया.

चीदा खानाला पकडल्याची बातमी शहरात फुटली आणि १७ जुलै १८५७, शुक्रवारी, मक्का मशिदीत नमाजानंतर लोक पेटून उठले. कैदी सोडा, ही त्यांची मागणी. संध्याकाळी जमादार तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्यामागे पाचशेच्या आसपास रोहिले रेसिडेन्सीकडे निघाले. सालारजंगांनी आधीच निरोप धाडल्याने कोठी सावध होती, तोफा लावलेल्या होत्या. रोहिल्यांनी पुतळी बावडीकडच्या बाजूला रेसिडेन्सीसमोरची अब्बन साहेब आणि जयगोपालदास या दोन सावकारांची घरे ताब्यात घेतली आणि छपरांवरून बंदुका चालवल्या. आतून मेजर ब्रिग्जने तोफांचे छर्रे सोडले. रात्रभर हे चालले. पहाटे चारच्या सुमाराला रोहिले माघारी गेले. कैदी सुटले नाहीत.

पुतळी बावडी आज रिक्षावाल्याला सांगितली की तो विचारतो, बँकेसमोर की पुढे? तिथून कोठीच्या बसस्टँडकडे येताना १८५७ च्या स्मृतीचे स्मारक लागते, तुर्रेबाज खानाच्या नावाने रस्ताही आहे. तुर्रेबाज पकडला गेला, त्याला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, १८५९ च्या जानेवारीत तो कैदेतून पळाला, पाच हजारांचे इनाम लागले, आणि काही दिवसांतच तूपरानजवळ दगा होऊन मारला गेला. त्याचे प्रेत शहरात आणून उघड्यावर टांगले. मौलवी अलाउद्दीन अंदमानला गेले ते परतलेच नाहीत. हैदराबादने या दोघांना लक्षात ठेवले, आणि ते योग्यच झाले. पण ज्या जमादाराला सोडवण्यासाठी हे दोघे निघाले तो चीदा खान आणि ज्या पलटणीतून तो आला ती औरंगाबादची पलटण, ही नावे शहराच्या आठवणीत कडेला पडली. शहर आपल्या वस्तीतल्या माणसाला आठवते, बाहेरून आलेल्याला फारसे नाही. मराठवाड्यातून येऊन इथे पिढ्या घालवलेल्या आपल्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

त्या रात्रीनंतर रेसिडेन्सीभोवतीचा तट वाढवला, बुरूज घातले. खैरुन्निसासाठी बांधलेला रंगमहाल १८६० च्या सुमारास पाडून टाकला. बागेतल्या जनान्याची नव्या इंग्रजांना लाज वाटू लागली होती. १८६० च्या तहात निजामाला इनाम मिळाले. नळदुर्ग आणि रायचूरचा मुलूख परत, सुरपूर बहाल, पन्नास लाखांचे कर्ज माफ. वऱ्हाड मात्र मिळाले नाही. काँटिंजंटच्या खर्चासाठी ते लागत होते ना!

आणि काँटिंजंट? तिचे पुढे काय झाले हे सांगितल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही. १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेत तिचे स्वार आणि पायदळ झाशी, काल्पी, ग्वाल्हेरपर्यंत लढले, म्हणजे राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्या विरुद्ध. दख्खनबाहेर जाणार नाही म्हणणारे औरंगाबादला फासावर गेले, राहिलेले दख्खनबाहेर गेले. १९०३ मध्ये काँटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळल्या. घोडदळातून डेक्कन हॉर्सच्या रेजिमेंट निघाल्या. त्यांपैकी विसावी डेक्कन हॉर्स १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडजवळ भाले घेऊन मशीनगनांवर चालून गेली. पायदळाचे झाले १९ वे हैदराबाद रेजिमेंट. १९४५ मध्ये त्याचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले, कारण तोवर भरती कुमाऊँच्या डोंगरांतून होऊ लागली होती. दख्खनचा पाण्याचा घडा हिमालयात रिकामा झाला, असे कुणाला वाटेल. लष्करात नाव बदलते, पण पलटणीची वंशावळ कुणी विसरत नाही.

त्या हैदराबाद रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमध्ये १९४२ च्या फेब्रुवारीत एक तरुण अधिकारी रुजू झाला. सोमनाथ शर्मा. ३ नोव्हेंबर १९४७ ला श्रीनगरजवळ बडगामला चौथ्या कुमाऊँची कंपनी घेऊन तो उभा होता. हॉकी खेळताना मोडलेला डावा हात प्लास्टरमध्ये होता, तरी गोळ्या भरून जवानांना देत होता. तोफगोळा फुटला आणि तो गेला. वय चोवीस. विमानतळ वाचला. देशाचे पहिले परमवीर चक्र त्याचे. त्या पदकाची आकृती काढली सावित्री खानोलकर यांनी, मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्या मूळच्या युरोपीय पत्नीने. त्यांच्या मुलीचे लग्न सोमनाथच्या भावाशी झालेले. आपल्याकडे सोयरिकीचे धागे नेहमीच निघतात, इथेही निघाले.

हे सगळे कॉलेजच्या इतिहासात कशाला, असे कुणी म्हणेल. माझे उत्तर साधे आहे. फिदा अली आणि सोमनाथ शर्मा यांच्या पलटणींचे मूळ एकच, आणि त्या पलटणींचा कारभार कित्येक वर्षे या कोठीतल्या टेबलावरून चालला. पगाराचे हुकूम, बदल्या, शिक्षा, इनामे, सारे इथूनच. एकाला सरकारने पदक दिले, दुसऱ्याला सरकारने फाशी दिली. ही दोन सरकारे वेगळी होती हे खरे. पण शिपायाची चाकरी कुठल्या सीमेपर्यंत आणि कुणाविरुद्ध, हा प्रश्न दोघांपुढेही होता आणि दोघांनी आपापले उत्तर जीव देऊन दिले. माझ्या मते फिदा अलीला बंडखोर म्हणून बाजूला ठेवणे आणि सोमनाथला वीर म्हणून मखरात बसवणे, यात दोघांवरही अन्याय होतो.

आता उरलेला इतिहास थोडक्यात. रेसिडेन्सी बाजार हा पट्टा इंग्रजांच्या अधिकाराखाली होता, निजामाचे पोलीस तिथे सहज येत नसत. त्या आडोशाने सार्वजनिक जीवन फुलले. १८९२ मध्ये आर्य समाज आला, १९०१ मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे तेलुगू ग्रंथालय निघाले, १९०७ मध्ये केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पुढाकाराने विवेकवर्धिनी सुरू झाली आणि मराठी मुलामुलींना शाळा मिळाली. १९३३ मध्ये हा भाग निजामाकडे परत गेला आणि सुलतान बाजार झाला. १९४७ मध्ये रेसिडेंट गेला, १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, आणि पुढच्या वर्षी दरबार हॉलच्या दारात वह्या घेतलेल्या मुली आल्या. या वास्तूच्या इतिहासातली सर्वांत चांगली घटना हीच, असे मला वाटते. किर्कपॅट्रिकसुद्धा यापुढे मागे पडतो.

पुढची अनेक वर्षे इमारत गळत राहिली, वर्ग भरत राहिले. २००२ मध्ये जागतिक पातळीवरच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले, मग दुरुस्तीची चर्चा सुरू झाली आणि बऱ्याच वर्षांनी ती पार पडली. २०२२ मध्ये कॉलेजचे महिला विद्यापीठ झाले. २०२४ मध्ये त्याला चाकली इलम्मा यांचे नाव देण्याचे ठरले. इलम्मा म्हणजे जमीनदाराच्या फौजेपुढे आपल्या शेतातले पीक न सोडणारी तेलंगणातली परटीण. रेसिडेंटच्या कोठीला तिचे नाव लागावे, हे मला फार आवडले.

म्हणून संस्थेपुढे एक विनंती. १७ जुलैला कॉलेज सुरू असते. त्या दिवशी दरबार हॉलमध्ये अर्धा तास काढून मीर फिदा अली, चीदा खान, तुर्रेबाज खान, मौलवी अलाउद्दीन यांची नावे मोठ्याने वाचावीत, आणि त्याच यादीत सोमनाथ शर्माचेही नाव घ्यावे. इतिहास विभागाने दरवर्षी दोन-तीन विद्यार्थिनींना तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाठवावे. रेसिडेन्सीचे कागद तिथे आहेत, पलटणीचे हजेरीपट शोधता येतील. आणि अंबाजोगाई, हिंगोली, जालना, बुलढाणा, अचलपूर इथल्या ज्या घरांत शिलेदारीची जुनी असामीपत्रे, पगारपट्ट्या किंवा पलटणीचे बिल्ले पडून असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता त्यांची एक प्रत संस्थेच्या इतिहास विभागाकडे पाठवावी.